रात्रीची लाइन, अर्धी झोप आणि सुटलेलं पोट

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये स्वयंपाकातलं तेल १० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात वजन उतरवणारं मौंजारो हे इंजेक्शन भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही आलं, आणि लठ्ठपणाची चर्चा नागपूरच्या मोठ्या दवाखान्यांतून निघून तालुक्याच्या मेडिकलपर्यंत पोचली. तेलावर बोलून झालं, साखरेवर झालं, पहाटेच्या चालण्यावर झालं. झोपेचं नाव काढलं की मात्र लोक हसतात. ‘झोपून कुठं वजन उतरते का? झोपणाऱ्याचंच तर पोट सुटते!’

हसणं साहजिक आहे. झोपेत चरबी वितळत नाही, आणि तसं कोणी सांगत असेल तर तो काहीतरी विकायला आलेला आहे असं समजावं. झोप दोन कामं करते. दुसऱ्या दिवशी भूक किती जोर करणार, हे बरंचसं तिच्यावर ठरतं. आणि खाणं कमी केल्यावर अंगातून चरबी जाणार की मांस, यातही तिचा हात असतो. दुसरी गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते, आणि माझ्या मते खरी महत्त्वाची तीच आहे.

पुरेशी म्हणजे किती?

मोठ्या माणसाला रोज निदान ७ तास. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१५ मध्ये हीच शिफारस केली. हे तास प्रत्यक्ष झोपेचे, अंथरुणात पडल्याचे नाहीत. डोळा लागायला पंधरा-वीस मिनिटं जातात, मधे एकदा उठणं होतं, म्हणून साडेसात तास अंथरूण धरावं.

आता हा हिशेब गावातल्या घराला लावून बघा. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई पहाटे साडेचारला उठते. पाणी भरायचं, चूल पेटवायची, डबे बांधायचे, आणि ऊन चढायच्या आत वावरात पोचायचं. साडेसात तास हवे असतील तर तिची पाठ रात्री नऊलाच टेकायला हवी. नऊला तर घरात मालिका चालू असते, जेवणं व्हायची असतात आणि भांडी पडलेली असतात. ती झोपते साडेदहा-अकराला. म्हणजे साडेपाच-सहा तास, आणि तेही वर्षानुवर्षं.

कणगीचा निरोप आणि भुकेचा भोंगा

भुकेचं गणित समजायला दोन नावं पुरतात: लेप्टिन आणि ग्रेलिन. लेप्टिन शरीरातल्या चरबीतून निघतं आणि मेंदूला निरोप देतं की कणगी भरलेली आहे, आणखी आणायची घाई नाही. ग्रेलिन मुख्यतः जठरातून निघतं. त्याचं काम जेवणाच्या भोंग्यासारखं: वाजला की हातातलं काम सोडून माणूस शिदोरीकडे वळतो. लेप्टिन १९९४ मध्ये सापडलं, ग्रेलिन १९९९ मध्ये. त्याआधी भूक म्हणजे रिकामं पोट, एवढंच लोक धरून चालत.

शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त ४ तास आणि दुसऱ्या खेपेला दोन रात्री १० तास अंथरुणात राहू दिलं. कमी झोपेनंतर त्यांचं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, ग्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि भूक २४ टक्के जास्त लागली. कणगी तेवढीच भरलेली, पण निरोप गेला की ती रिकामी होत चालली आहे. वर भोंगाही जोरात. ओढ होती ती गोड, खारट आणि पिठाच्या पदार्थांची. मेथीच्या भाजीसाठी कोणी जीव टाकला नाही.

पुढच्या सगळ्याच प्रयोगांत लेप्टिन-ग्रेलिनचे आकडे असे नेटके आले नाहीत, हेही सांगायला हवं. झोप कमी केली की माणूस जास्त खातो, हे मात्र प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणजे भुकेचा सगळा दोष या दोघांच्याच माथी मारता येत नाही. डोक्यातही काही घडत असतं.

कासरा ढिला पडतो

मेंदूचा कपाळामागचा भाग आवर घालायचं काम करतो. ‘पुरे आता’ म्हणणारा तोच. रात्रभर जागलेल्या माणसांना खाण्याची चित्रं दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा हा भाग मंदावलेला दिसला आणि तेलकट-गोड पदार्थांची इच्छा वाढलेली दिसली. बैल तोच, रस्ता तोच, पण हातातला कासरा ढिला. म्हणून रात्री नीट झोपलेला माणूस बसस्टँडवरच्या आलुबोंड्याच्या कढईसमोरून निघून जातो, आणि जागलेला दोन बांधून घेतो. त्याला शिस्त नाही म्हणून टोचून बोलण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट इन्सुलिनची. जेवल्यावर रक्तात साखर येते आणि इन्सुलिन ती पेशींमध्ये पोचवतं. पाटाला पाणी आलं आणि एकेका वाफ्याचं तोंड उघडून ते आत घेतलं, असं समजा. झोप तुटली की वाफ्यांच्या तोंडाशी गाळ बसतो. पाणी आत शिरत नाही, म्हणून मोटर जास्त वेळ चालवावी लागते, म्हणजे शरीर जास्त इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन चढलेलं असेपर्यंत साठवलेली चरबी सहजासहजी बाहेर पडत नाही. २०१२ च्या एका प्रयोगात सात तरुणांना चार रात्री साडेचार तासच झोपायला दिलं, तर त्यांच्या चरबीच्या पेशी इन्सुलिनला ३० टक्के कमी दाद देऊ लागल्या. माणसं फक्त सात, पण चार रात्रींत एवढा फरक डोळ्याआड करण्यासारखा नाही. घरात शुगर असलेल्यांनी तर नाहीच नाही.

काट्यावर तेवढेच किलो. पण गेलं काय?

२०१० मध्ये शिकागोतच झालेला हा प्रयोग मला सगळ्यांत बोलका वाटतो. वजन जास्त असलेल्या १० जणांना १४ दिवस मोजून कमी खायला दिलं. एकदा साडेआठ तास अंथरुणात राहू दिलं, काही महिन्यांनी पुन्हा १४ दिवस, या वेळी साडेपाच तास. खाणं दोन्ही वेळा सारखंच मोजलेलं. वजनही दोन्ही वेळा सारखंच उतरलं, सुमारे ३ किलो.

पण आत काय गेलं ते तपासल्यावर चित्र पालटलं. पुरेशा झोपेत १.४ किलो चरबी गेली. कमी झोपेत फक्त ०.६ किलो. उरलेलं वजन चरबी सोडून बाकीच्या अंगाचं, म्हणजे स्नायू आणि त्यातलं पाणी वगैरे. ते पुरेशा झोपेत १.५ किलो गेलं, कमी झोपेत २.४ किलो.

चुलीला सरपण हवं. मागच्या अंगणात पऱ्हाट्यांचा ढीग पडलाय, पण तो सोडून माणूस वखराचं लाकूड तोडून चुलीत घालतो. चूल पेटते, स्वयंपाक होतो, अंगणातला पसाराही तेवढाच कमी दिसतो. मृगाला वखर हवा असतो तेव्हा कळतं काय जाळलं. अंगातलं मांस म्हणजे तो वखर. पोतं उचलायला तेच लागतं, आणि बसल्याजागी सगळ्यांत जास्त नाही तरी बरंच इंधन तेच खातं. ते घटलं की पूर्वीइतकंच खाऊनही वजन परत चढतं, आणि चढतं ते चरबीचं. ‘डाएट केलं, पाच किलो उतरले, दिवाळीनंतर सात चढले’ ही तक्रार घराघरांत ऐकू येते. त्यामागचं एक कारण इथं आहे.

झोप वाढवली तर उलटं होतं का?

ही परीक्षा २०२२ मध्ये झाली, प्रयोगशाळेत नाही, लोकांच्या स्वतःच्या घरात. रोज साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणारे, वजन जास्त असलेले ८० जण निवडले. अर्ध्यांना झोप कशी वाढवायची ते एकदा बसवून समजावलं. खाण्याबद्दल, व्यायामाबद्दल एक शब्द नाही. दोन आठवड्यांत त्यांची झोप सरासरी १.२ तासांनी वाढली आणि ते बाकीच्यांच्या मानानं दिवसाला सुमारे २७० कॅलरी कमी खाऊ लागले.

२७० कॅलरी म्हणजे किती? बारीक शेव ५० ग्रॅम, म्हणजे दुकानातून आणलेल्या पाव किलोच्या पुड्याचा पाचवा भाग. किंवा ७५-८० ग्रॅम पिठाची एक मोठी ज्वारीची भाकर. भाकर सोडायची गरज नाही. ती पोट भरते. रात्री साडेदहाला टीव्हीसमोर बसून ताटलीतली शेव कधी संपली ते कळतही नाही, आणि ती मात्र सहज सुटू शकते, कारण त्या वेळी माणूस झोपलेला असतो.

कागदावर मांडलं तर रोजच्या २७० कॅलरी म्हणजे महिन्याला ८,१०० होतात, आणि एक किलो चरबीत साधारण ७,७०० असतात. महिन्याला एक किलो! कागदावरचं पीक नेहमी जास्तच येतं, तसंच हे. वजन उतरू लागलं की शरीरही काटकसर करू लागतं, म्हणून प्रत्यक्षात यापेक्षा कमी धरावं. प्रयोगही दोनच आठवड्यांचा होता. पण एकही घास मोजायला न सांगता हे घडलं, ही त्यातली मोलाची गोष्ट.

हरभऱ्यातली एक रात्र

आपल्याकडे झोप कुठं जाते ते शहरातल्या सल्ल्यांत सापडत नाही. तिथं सगळं मोबाइलवर येऊन थांबतं. इथं मोबाइल आहेच, पण त्याच्या आधी शेतीच्या विजेची लाइन आहे आणि पिकाची रात्रभर राखण, म्हणजे जागल आहे.

डिसेंबरातली रात्र घ्या. शेतीची थ्री फेज लाइन आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. या वेळी रात्री बाराची. साडेअकराला टॉर्च, गमछा आणि चहाचा थर्मास घेऊन निघायचं. वाटेत टपरीवरून खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) आणि चिवड्याचं पाकीट. बाराला मोटर सुरू, तुषारचे पाइप आणि नोझल लावून झाले की साडेबारा. आता पाइप बदलायचे तीन-साडेतीन तासांनी. मधल्या वेळात शेकोटी, चहा, खर्रा, मोबाइल. दीडला थंडीनं भूक लागते, चिवडा संपतो. पावणेचारला पाइप बदलायचे, पुन्हा चहा. साडेसहाला घरी. पोटभर पोहे, वर चहा, आणि पडायचं म्हटलं तर अंगणात कोंबड्या, पोरांची शाळेची घाई, टिनाच्या फटीतून येणारा उजेड. दहाला कोणीतरी हाक मारतंच.

या रात्रीचा हिशेब: झोप तीन तास, तीही दिवसाउजेडी. पोटात गेलं चार कप गोड चहा, एक पाकीट चिवडा आणि पोह्यांचं जादा जेवण. सहज ८००-९०० कॅलरी. आणि दुसऱ्या दिवशी दुपारभर भोंगा वाजतोच आहे. लाइनची पाळी संपली की तुरीत रानडुकरांची जागल सुरू. हंगाम संपेपर्यंत पोट पुढे, आणि माणूस म्हणतो, ‘एवढं राबतो तरी अंग सुटतेच कसं?’

‘जागल्यानं जास्त जळत असेल ना?’

जळतं, पण थोडं. रात्रभर जागं राहिलं तर २४ तासांचा खर्च साधारण ७ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे शंभर-सव्वाशे कॅलरींच्या आसपास. गोड चहाचे दोन कप झाले की ते भरून निघालं. कोलोरॅडोत २०१३ मध्ये केलेल्या प्रयोगात लोकांना पाच रात्री ५-५ तासच झोपायला दिलं आणि समोर हवं तेवढं खाणं ठेवलं. त्यांचा खर्च ५ टक्क्यांनी वाढला, पण खाणं त्याहून जास्त वाढलं. पाच दिवसांत वजन सरासरी ०.८२ किलो चढलं.

‘मला पाच तास पुरतात’

असं वाटतं खरं. २००३ च्या एका प्रयोगात माणसांना १४ दिवस रोज ६ किंवा ४ तासच झोपू दिलं. शेवटी त्यांची सावधपणाची परीक्षा घेतली तर ते एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखे चुकत होते. विचारलं तर म्हणायचे, थोडी सुस्ती आहे, बाकी ठीक. झोपेचं कर्ज सावकाराच्या वहीसारखं असतं. वही त्याच्याकडे, आपल्याला आकडा आठवत नाही. पाच तासांत खरोखर भागणारे लोक असतात, पण फार थोडे. आपण त्यातले आहोत का, हे तपासायचा सोपा उपाय आहे. लग्नसराई-हंगाम नसलेल्या आठवड्यात गजर न लावता झोपा. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही सात तास झोप लागत असेल तर पाच तास पुरत नव्हते.

‘मी दुपारी भरून काढतो’

आयुर्वेद दिवसा झोपू नका म्हणतो, त्यानं कफ आणि मेद वाढतो म्हणतो, पण ग्रीष्मात सूट देतो. ही सूट मे महिन्यात अकोल्या-चंद्रपुरात राहणाऱ्याला पटावी अशीच आहे. रात्र पुरी झालेली असेल तर दुपारी २०-२५ मिनिटं पुरेत. रात्र लाइनपायी गेली असेल तर दीड तास झोपा, पण दुपारी तीनच्या आत उठा. पाचपर्यंत लांबवलं की रात्री डोळा लागत नाही, बारापर्यंत जाग, आणि जागेबरोबर शेव. दुपारची झोप गाडीला धक्का मारण्यापुरती धरावी. रात्रीच्या झोपेची भरपाई तिच्यानं होत नाही.

‘आमच्याकडे वजन वाढायचीच मारामार’

हाही आक्षेप खरा आहे. मेळघाटात, गडचिरोलीत अंगावर मांस नसलेली माणसं खूप आहेत; त्यांना हा लेख लागू नाही. गरोदर बाईनं वजन उतरवायच्या फंदात पडू नये. आणि काही न करता वजन उतरत असेल, सोबत खोकला, बारीक ताप किंवा सारखी तहान-लघवी असेल तर सरळ दवाखाना गाठा; टीबी आणि शुगरही वजन उतरवतात.

पण हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी ठेवण आपल्याकडे भरपूर आहे. तिथं किलोपेक्षा कंबर जास्त खरं सांगते. शिंप्याची फीत घ्या, खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर असेल तर पोटात चरबी साठली आहे. वजनाचा अंदाज: १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला ६२-६३ किलोपर्यंत ठीक, ६८ च्या पुढे लठ्ठपणा. हे माप आशियाई लोकांसाठीचं आहे. युरोपीय मोजमापापेक्षा कडक, कारण आपल्याला कमी वजनातच शुगर गाठते.

लाइनच्या आठवड्यात काय करावं

रात्रीची लाइन असेल तर सात तासांची सलग झोप मिळणार नाही, हे मान्य करून तुकडे जोडावे. शास्त्रज्ञ याला ‘अँकर स्लीप’ म्हणतात, आपण खुंट्याची झोप म्हणू: दिवसाची असो वा रात्रीची पाळी, झोपेचे काही तास रोज ठरलेले. लाइन बाराची असेल तर साडेसात ते अकरा झोपून घ्या. बायकोपोरांनी टीव्हीचा आवाज बारीक ठेवावा, एवढं घरानं करायलाच हवं. साडेबारा ते पावणेचार, पाइप चालू असताना, गजर लावून दोन तास डोळे मिटा. त्यासाठी जमिनीवर पडू नका. मण्यार रात्रीच फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात येऊन चावतो. खाट किंवा मचाण हवं, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली.

जेवण सातच्या आत घरी, भाकर-वरण-भाजी पोटभर. रात्री भूक लागलीच तर मूठभर फुटाणे. चिवडा सोबत न्यायचाच नाही. पाकीट खिशात असलं की संपतंच. चहा दोनच्या आत. चहातल्या कॅफिनपैकी अर्धं अंगातून जायला पाच-सहा तास लागतात, म्हणून चारचा चहा सकाळी साडेसातला झोपताना अजून कामावर असतो. दिवसाच्या पाळीत हाच हिशेब संध्याकाळच्या सहाच्या चहाला लावा.

खर्र्याचं काय? निकोटीन जाग आणतं, सुपारीही आणते, म्हणून तर जागलीला खर्रा लागतो. झोपायच्या दोन तास आधी तोंड रिकामं असलेलं बरं. कायमचं रिकामं असलं तर तोंडाच्या कॅन्सरच्या वॉर्डातली एक खाट कमी लागेल, पण तो वेगळा विषय. दारूनं झोप येते ही समजूतही सोडा. पहिले दोन तास गाढ, मग रात्र तुटत जाते, घोरणं वाढतं. एका क्वार्टरमध्ये सुमारे ४०० कॅलरी असतात, चकणा वेगळा.

सकाळी परतताना डोळ्यांवर गमछा ओढा. ऊन डोळ्यांत गेलं की शरीर समजतं दिवस उगवला. घरी पोह्यांची पूर्ण ताटली नको, अर्धी भाकर किंवा एक केळं खाऊन पडा, जेवण उठल्यावर. खिडकीला काळी ताडपत्री किंवा गोणपाट.

जागलीसाठी शेजारच्या दोन-तीन वावरांनी पाळ्या लावाव्या. चार जण असतील तर प्रत्येकाला तीन रात्री पुरती झोप मिळते. सौर झटका मशीननं रानडुक्कर बऱ्यापैकी थांबतं आणि रात्रही वाचते, मात्र थांबून थांबून हलका झटका देणारं प्रमाणित यंत्रच घ्या. कुंपणात थेट लाइन सोडणं गुन्हा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत. मोटारीला ऑटोस्विच लावून घरी झोपायचा मोह होतो. पण लाइन येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि रोहित्र जळतं, म्हणून महावितरण तो काढून कपॅसिटर लावा म्हणतं. जमत असेल तर सौर कृषी पंप हा खरा उपाय. राज्याच्या योजनेत खुल्या गटाच्या शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. ओलीत दिवसा होतं. या पंपाची गणना कोणी आरोग्याच्या योजनांत करत नाही, पण मी केली असती.

उन्हाळा, कूलर, डास

झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. टिनाचं घर आणि सिमेंटचा स्लॅब दिवसभराची उष्णता मध्यरात्रीपर्यंत ओकत राहतात. सहा-सातलाच स्लॅबवर पाणी मारा, झोपण्याच्या तासभर आधी साध्या पाण्यानं आंघोळ करा, अंगणात बाज टाका. कूलर बंद खोलीत लावला की तासाभरात खोली दमट होते आणि घाम वाळत नाही. समोरचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी हवी. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कूलरचा पंप बंद, नुसता पंखा. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी घासा, नाहीतर डेंग्यूचा डास तिथंच वाढतो.

घोरणाऱ्यांसाठी

कधी कधी सात तास झोपूनही झोप होत नाही. जोरात घोरणं, मधेच श्वास थांबून दचकून उठणं, सकाळी डोकं जड, दिवसा बसल्या बसल्या डुलकी. ही लक्षणं झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची. मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर शंका आणखी बळावते. लठ्ठपणानं श्वास अडतो, श्वास अडल्यानं झोप तुटते, झोप तुटल्यानं वजन चढतं. इथं लवकर झोपून भागत नाही. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडून झोपेची तपासणी करून घ्यावी लागते. घोरणाऱ्याला स्वतःला काही कळत नसतं, म्हणून डॉक्टरकडे जाताना घरच्या माणसाला सोबत न्या. मोटरसायकल चालवताना डुलकी येत असेल तर तपासणी होईपर्यंत गाडी दुसऱ्याच्या हाती द्या.

दोन आठवडे करून बघायचं असेल तर

खाण्यात काही बदलू नका. झोपण्याची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा, चार दिवसांत तास मिळतो. एकदम नऊला पडलात तर छताकडे बघत बसाल आणि तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. चुलीची आणि भांड्यांची कामं वाटून घेतली नाहीत तर हा तास फक्त पुरुषालाच मिळतो, हे आधीच बोलून घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज दोन वेळा लिहा: पाठ टेकली ती आणि उठलात ती. वजन सोमवारी सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. रास्त भाव दुकानाच्या किंवा आरोग्य उपकेंद्राच्या एकाच काट्यावर. कंबर पंधरा दिवसांतून एकदा. पहिल्या आठवड्यात काटा हलला नाही तरी रात्री दहानंतर डब्याकडे किती वेळा हात गेला, त्याची एक रेघ त्याच चौकोनात ओढत जा.